बियाण्याच्या पिशवीचा ग्राहक

दिवाळीच्या सुमारास नंदुरबारच्या पथारींवर ओली लाल मिरची पसरू लागते, शहादा-तळोद्याच्या शिवारात कापसाची वेचणी चाललेली असते. या दिवसांत शेतकऱ्याविषयी बोलणे होते ते तो विकणारा म्हणून: भाव काय फुटला, काट्यात किती मारले. पण विकणारा होण्याआधी, जूनमध्ये, तो खरेदीदार होता. तेव्हा बियाण्यात फसला असेल, तर आजचा चांगला भावही ती तूट भरून काढत नाही. शेतकरी हा ग्राहक आहे, हे कायद्याने मानले आहे. आपल्या जिल्ह्याच्या व्यवहारात ते उतरवणे, हे ग्राहक चळवळीचे राहून गेलेले काम आहे.

महाराष्ट्रात ही चळवळ शहरांत वाढली. १९६६ मध्ये मुंबईत काही महिलांनी ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी’ स्थापन केली. १९७२ नंतर मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध लाटणे मोर्चे निघाले. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला; पुढच्याच वर्षी मुंबईची पंचायत उभी राहिली आणि तिने एकत्र खरेदी करून किराणा सभासदांच्या गटांत वाटण्याची पद्धत रुजवली. या साऱ्या दबावाशिवाय १९८६चा ग्राहक संरक्षण कायदा आला असता, असे आम्हाला वाटत नाही. तेल, डाळ, भेसळ, वजनमाप हेच तेव्हाचे प्रश्न होते आणि ते खरेच होते. मात्र या कायद्याने व्यापारी हेतूची खरेदी वगळली, आणि त्या शब्दाच्या आडोशाला बियाणे कंपन्या जाऊन बसल्या. पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याची खरेदी व्यापारी धरू नये, हे स्पष्टीकरण १९९३च्या दुरुस्तीने आले. जानेवारी २०१२ मध्ये ‘राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्याचा ग्राहक मंचाकडे जाण्याचा हक्क निःसंदिग्ध केला. १९६६च्या बियाणे कायद्यात नुकसानभरपाईची सोयच नाही, म्हणून तो कायदा दाखवून शेतकऱ्याला परत पाठवता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याहून मोलाची गोष्ट पुराव्याची. प्रयोगशाळेत तपासायला नमुना आणा, असे कंपनी म्हणते. पण ज्याने घेतलेले सगळे बियाणे मातीत पेरले, तो नमुना कोठून आणणार? ही अडचण न्यायालयाने ओळखली. शेतीची रीत समजून घेऊन दिलेला असा निकाल दुर्मीळच.

यावर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. उगवण न होण्यामागे पाऊस, पेरणीची खोली, जमीन अशी कारणे असू शकतात. दर वेळी दोष बियाण्याचा कसा? नसेलही. म्हणूनच तपासणी हवी, आणि ती पीक शेतात उभे असतानाच हवी. दुसरा आक्षेप अधिक बोचरा: धडगाव किंवा अक्कलकुव्याचा आदिवासी शेतकरी उधारीवर माल घेतो, पक्के बिल मागत नाही, दुकानदाराला दुखवत नाही; सीमेपलीकडून आलेल्या चोरट्या कापूस बियाण्याला तर पावतीच नसते. त्याला ग्राहक आयोगाचा, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचाचा, काय उपयोग? एकट्याला फारसा नाही, हे मान्य. पण म्हणून कायदा निरुपयोगी ठरत नाही, संघटनेची गरज तेवढी ठळक होते. समान तक्रार असलेले अनेक ग्राहक एकत्र दाद मागू शकतात, नोंदणीकृत ग्राहक संस्था त्यांच्या वतीने उभी राहू शकते. २०१९च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारांना शुल्क नाही. सामूहिक दबावाने धोरण हलते याचा पुरावा कापसातच आहे. २००६ मध्ये आंध्र प्रदेशाने बीटी बियाण्यावरच्या अवाजवी शुल्काविरुद्ध मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितली आणि सोळाशे रुपयांच्या वर गेलेली ४५० ग्रॅमची पिशवी ७५० रुपयांवर आली. महाराष्ट्राने पुढे २००९ मध्ये कापूस बियाण्यांसाठी स्वतंत्र कायदाच केला.

आयोगांत तारखा लांबतात, तीन महिन्यांची मुदत पाळली जात नाही, हेही खरे. त्यामुळे निकालाआधीची पायरी भक्कम हवी. येत्या खरिपाआधी जिल्ह्याच्या कृषी विभागाकडे आणि ग्राहक संस्थांकडे आमचे मागणे आहे: प्रत्येक कृषी सेवा केंद्रात लॉट नंबरसह पक्के बिल, उधारी असली तरी, हातात पडावे, तालुका तक्रार निवारण समितीने पीक वाळण्याआधी शेतावर जाऊन पंचनामा करावा, त्याची प्रत त्याच दिवशी शेतकऱ्याला द्यावी, आणि तक्रार कशी करायची हे भिली, पावरी, मावची बोलींत बाजाराच्या दिवशी सांगितले जावे.