फोटोची तारीख कोण सांगणार?

बेसबॉलचा सामना मी आजवर प्रत्यक्ष पाहिलेला नाही. आमच्या गावात कबड्डी, कुस्ती आणि क्रिकेट. चौथा खेळ कुणाला ठाऊक नाही. मग या मुलीने वार्षिक अंकात बेसबॉल कशाला आणला, असे वाचकांना वाटेल. थोडा धीर धरावा, ही विनंती.

गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला सरांनी इतिहासाची साधने शिकवली. लिखित, भौतिक आणि मौखिक. मी उभी राहून विचारले, “सर, फोटो यांपैकी कशात मोडतो?” सर हसले नि म्हणाले, “तूच शोधून सांग.” त्या शोधात मी कुठच्या कुठे गेले! अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १८८७ ते १९१४ या काळातली बेसबॉलपटूंची सुमारे २,१०० चित्रकार्डे जपून ठेवलेली आहेत, आणि ती कुणालाही मोबाईलवर पाहता येतात. ती पाहता पाहता कळले की तिकडे जुन्या बेसबॉल फोटोंचा काळ ठरवणे हा अनेकांचा आवडीचा अभ्यास आहे. फोटोवर तारीख नसेल तर ही मंडळी खेळाडूच्या अंगावरचे कपडे आणि हातातले साहित्य पाहतात.

त्यांच्या खुणा मोठ्या गमतीच्या आहेत. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४९ साली गणवेश ठरवला तो निळी लोकरीची लांब विजार, पांढरा फ्लॅनेलचा सदरा आणि गवती टोपी असा. गुडघ्यापर्यंतची आखूड विजार आणि लांब मोजे आणले ते सिनसिनाटीच्या संघाने, १८६८ च्या सुमारास. चेंडू झेलायला फलंदाजाच्या मागे बसतो तो कॅचर, म्हणजे आपला यष्टिरक्षकच म्हणा. त्याच्या तोंडावरची तारेची जाळी हार्वर्ड विद्यापीठाच्या संघात १८७७ च्या सुमारास आली. नडगीवरचे पॅड रॉजर ब्रेस्नाहन या खेळाडूने १९०७ साली उघडपणे बांधले. जमिनीवरची ‘होम प्लेट’ १९०० सालापासून पाचकोनी झाली. त्याआधी ती चौकोनी होती. पाठीवर मोठे आकडे कायमचे आले ते १९२९ साली, न्यूयॉर्क यांकीज आणि क्लीव्हलँड या संघांपासून.

आता या खुणांवरून तारीख कशी काढायची? इथे एक नियम आहे, आणि मला तो फार आवडला. फोटोत जी वस्तू सर्वांत नवी असेल तिच्यावर नजर ठेवायची. जुनी वस्तू माणूस कितीही वर्षे वापरतो. पण जी वस्तू अजून जन्मालाच आली नाही ती कोण वापरणार? हातमोजे १८७० नंतरच्या दशकात दिसू लागले, तरी बिड मॅकफी हा खेळाडू १८९६ पर्यंत मोकळ्या हाताने खेळत होता. तेव्हा ‘हातात मोजा नाही, म्हणजे फोटो फार जुना’ असे म्हणणारा फसलाच! उलट कॅचरच्या तोंडावर तारेची जाळी असेल, तर तो फोटो १८७० सालचा आहे असे कुणी शपथेवर सांगितले तरी मानू नये. नवी वस्तू फोटोच्या काळाची अलीकडची हद्द सांगत नाही. ‘याच्या आधीचा नाही’ एवढेच सांगते. पण जे सांगते ते पक्के सांगते.

फसण्याच्या जागाही पुष्कळ आहेत. मोठ्या संघांचे जुने गणवेश लहान संघांकडे जात आणि तिथे वर्षानुवर्षे वापरले जात. आपल्याकडे थोरल्या भावाचा सदरा धाकट्याला येतो, तसेच हे. पत्र्यावर घेतलेल्या जुन्या फोटोंत डावे-उजवे उलटे उमटे, त्यामुळे उजव्या हाताने खेळणारा डावखुरा दिसे. सिगारेटच्या पाकिटातून मिळणारी ‘ओल्ड जज’ नावाची कार्डे १८८६ ते १८९० या काळातली. त्यांवरचे बरेच फोटो मैदानात न घेता स्टुडिओत घेतलेले आहेत. मागे रंगवलेला पडदा आणि वरून दोऱ्याने टांगलेला चेंडू! खेळाडू तो झेलल्याची नक्कल करून उभा. नीट पाहिले तर काही कार्डांत दोरासुद्धा दिसतो.

पण मला सर्वांत विचारात पाडले ते १९३९ सालच्या एका बिल्ल्याने. बेसबॉलचा जन्म १८३९ साली कूपर्सटाऊन गावी अॅबनर डबलडे नावाच्या गृहस्थाने दिला, असे तेव्हा मानत. म्हणून शताब्दीच्या वर्षी सर्व मोठ्या संघांनी बाहीवर खास बिल्ला लावला. त्यामुळे तो बिल्ला दिसला की १९३९ चा मोसम ओळखता येतो. गंमत अशी की डबलडेची ती कथाच खोटी आहे. १८३९ साली हे गृहस्थ वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होते. म्हणजे बिल्ला जे बोलतो ते खोटे आणि तो स्वतः ज्या काळचा आहे तो काळ खरा! कागदाचेही असेच असते, हे या बिल्ल्याने मला शिकवले. काय लिहिले आहे ते एक, आणि ते कधी व का लिहिले हे दुसरे.

आणखी एक फोटो सांगितल्यावाचून राहवत नाही. ओबर्लिन कॉलेजच्या १८८१ सालच्या संघाच्या फोटोत गोऱ्या विद्यार्थ्यांबरोबर फ्लीटवुड वॉकर हा काळा विद्यार्थी आहे. १८८४ साली तो टोलेडोच्या संघातून वरच्या दर्जाच्या स्पर्धेतही खेळला. त्यानंतर थोड्याच वर्षांत काळ्या खेळाडूंना अलिखित बंदी झाली. ती मोडली १९४७ साली, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला तेव्हा. समजा, ओबर्लिनच्या फोटोवरचे साल पुसले गेले असते. ‘काळे-गोरे एकत्र आहेत, म्हणजे फोटो १९४७ नंतरचाच’ असे एखाद्या शहाण्याने ठरवूनही टाकले असते! मग वॉकर तिथे होता ही गोष्टच इतिहासातून निघून गेली असती. त्याला परत आणले असते ते अंगावरच्या कपड्यांनी. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की आपल्या मनात काय आहे त्यावरून फोटोचा काळ ठरवू नये. डोळ्यांना काय दिसते त्यावरून ठरवावा.

हे सारे वाचून झाले आणि सुट्टीत मी घरी गेले. आमच्या घरात एकच जुना फोटो आहे. आजोबा कोट घालून खुर्चीवर बसले आहेत, शेजारी आत्या उभी, मांडीवर माझे वडील, मान धरून धरलेले. मागे तारीख नाही. मी नव्या उत्साहाने कोटाकडे पाहू लागले, तर आजी म्हणाली, “अगं, त्यो कोट फोटूवाल्याचा. ह्यांच्याकडं कुठला कोट?” झाले! दोऱ्याला टांगलेला चेंडू आमच्याही घरात निघाला. पण मनगटावरचे घड्याळ आजोबांचेच. ते अजून ट्रंकेत आहे आणि त्यावर एच.एम.टी. असे लिहिले आहे. बेंगळुरूच्या एच.एम.टी. कारखान्यात घड्याळे बनू लागली १९६१ साली. म्हणजे फोटो त्याआधीचा नाही. एक हद्द मिळाली. दुसरी आत्याने दिली. आत्या जन्मली बाहत्तरच्या दुष्काळात. हे आजीला पक्के आठवते, कारण ती तेव्हा खडी फोडायला जात होती. फोटोत हसणाऱ्या आत्याचे पुढचे दोन दात पडलेले आहेत. दुधाचे दात सहा-सात वर्षांचे असताना पडतात. म्हणजे फोटो १९७८-७९ च्या सुमाराचा, आणि मांडीवरचे मूल अजून मानही न धरणारे.

वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र जन्मतारीख आहे १ जून १९७५. १ जून ही तारीख आपल्यापैकी किती जणांच्या वडिलांची आहे, हे वर्गात विचारून पाहावे! पोराला शाळेत बसवायला आणले की वय अंदाजाने धरून गुरुजी ती लिहीत. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. पण त्यापायी माझे वडील कागदावर तीन वर्षांनी मोठे झाले.

मी हे त्यांना सांगितले. ते साखर कारखान्यात कामाला आहेत. हसून म्हणाले, “म्हंजी मी तीन वर्षांनी धाकटा झालो की!” मग जरा थांबून म्हणाले, “पण रिटायर मातर कागदापरमानंच करणार.” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. आत्याच्या पडलेल्या दातांवरून कुठलेही ऑफिस तारीख बदलून देणार नाही, हे मलाही कळते.

तरीही मला वाटते, की ही विद्या आमच्यासारख्यांच्या उपयोगाची आहे. ज्यांच्या घरी दप्तर होते, वंशावळ होती, पत्रे होती, त्यांचा इतिहास लिहिला गेला. ज्यांच्या घरी एक ट्रंक आणि एक फोटो आहे, त्यांनी काय करावे? त्यांनी घड्याळ, कोट, दात, चप्पल, मागचा पडदा, सगळे नीट पाहावे आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारावे. उत्तर नेमके साल देणार नाही. ‘अमुक ते अमुक या दरम्यान’ एवढेच देईल. पण प्रामाणिकपणे सांगितलेली दोन-तीन वर्षांची मुदत ही छातीठोकपणे लिहिलेल्या खोट्या तारखेपेक्षा बरी.

सरांच्या प्रश्नाचे उत्तर मला अजून एका शब्दात देता येत नाही. फोटो भौतिक साधन आहे, त्याच्या पाठीवर लिहिले की लिखित होतो, आणि आजीजवळ नेला की मौखिकही होतो.

शेवटी एक सूचना. आपल्या जिमखान्याच्या खोलीत कबड्डी आणि खो-खोच्या संघांचे कितीतरी फोटो आहेत. काहींखाली प्राचार्यांचे नाव आहे, खेळाडूंचे नाही. काहींवर सालही नाही. कपडे, बूट, ढाल यांवरून त्यांचा काळ ठरवणे आणि गावोगावच्या माजी विद्यार्थ्यांकडून नावे मिळवणे, हे काम इतिहास मंडळाने हाती घ्यावे. मिळालेली माहिती प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने लिहावी आणि ती कुणी, कधी लिहिली हेही लिहावे. पहिल्या रविवारी यायला मी तयार आहे. आणखी चार जण मिळाले तर एका सत्रात काम होईल.

— द्वितीय वर्ष, कला