लाल दिवा आणि सस्पेन्स खाते



गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे नांदेडहून लातूरला निघालो होतो. दुसऱ्या दिवशी नणंदेच्या नातवाचे बारसे होते. गाडी आमची जुनी, पंधरा वर्षांची. लोहा, माळेगाव, अहमदपूर मागे पडले आणि चाकूरच्या अलीकडे स्टीअरिंगमागे बॅटरीच्या चिन्हाचा लाल दिवा लागला.

"अहो, दिवा लागलाय."

"लागू दे. महिन्यापूर्वीच नवी बॅटरी टाकलीय. वायर सैल झाली असेल. सूर्यास्ताच्या आत पोहोचायचंय ना तुला?"

पोहोचायचे तर होतेच. रात्री आम्ही जेवत नाही आणि नणंद ताट वाढून वाट बघत होती. मी गप्प बसले. पण थोड्या वेळाने इंजिनाच्या उष्णतेचा काटा वर सरकताना दिसला. तेव्हा मात्र म्हटले, "आज जेवण नाही झाले तरी चालेल. आधी गाडी थांबवा."

थांबवली. बॉनेट उघडले तर रबरी पट्टा तुटून लोंबत होता. अहमदपूरहून मेकॅनिक नवा पट्टा घेऊन येईपर्यंत अंधार पडला. तो म्हणाला, "काकू, अजून थोडी पुढे नेली असती तर हेड गॅस्केट गेलं असतं." पट्टा काहीशे रुपयांचा होता, गॅस्केटचे काम काही हजारांचे झाले असते.

मी जुनी बी.कॉम. आहे, त्यामुळे मला हे हिशेबाच्या भाषेत लवकर समजते. ट्रायल बॅलन्स जुळला नाही, तर कुठेतरी चूक आहे एवढेच कळते. ती कुठल्या पानावर आहे, हे तो सांगत नाही. गाडीच्या दिव्याचेही तसेच. बॅटरीचा दिवा म्हणजे बॅटरी खराब, असे नव्हे. चार्जिंग होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. चार्जिंग करतो अल्टरनेटर, आणि त्याला फिरवतो तो पट्टा. आमच्या गाडीत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. म्हणून दिवा आणि काटा दोन्ही एकदम बिघडले. दोन खाती एकाच वेळी चुकली, तर मूळ नोंद एकच असू शकते.

महिन्यापूर्वी हाच दिवा मिणमिणत होता, तेव्हा एका गॅरेजवाल्याने पट्ट्याला हातही न लावता बॅटरी बदलून दिली. दिवा काही दिवस गप्प बसला आणि आम्ही खूश झालो. फरक सापडला नाही की तो सस्पेन्स खात्यात टाकून पुस्तक मिटायचे, असाच तो प्रकार.

खरे सांगते, यात चूक माझीही होती. रोज सकाळी गाडी सुरू करताना चीं चीं आवाज येत होता. पट्टा सैल किंवा झिजलेला असला की असा आवाज येतो. तो माझ्या कानावर पडत होता, पण गाडीतले आपल्याला काय कळते, म्हणून मी बोलले नाही. कुकरची शिट्टी जरा वेगळी वाजली तर आपण स्वयंपाकघरात धावतो. मग गाडीत बसलो की कान का बंद करून घेतो?

माझे मत स्पष्ट आहे. गाडी चालवत नसलो, तरी दिवे वाचायला आपण शिकलेच पाहिजे. लाल दिवा म्हणजे थांबा. पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या. तेलाच्या झारीसारखे लाल चिन्ह लागले तर बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करायचे, "पुढच्या गावापर्यंत" असे म्हणायचे नाही. ब्रेकचा लाल दिवा लागला तर आधी हँडब्रेक बघा, तो सुटलेला असेल तर ब्रेकचे तेल कमी झालेले असू शकते. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल तर ओढत नेऊ नका. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका.

आणखी एक सोपी परीक्षा. इंजिन सुरू करण्याआधी चावी फिरवली की हे दिवे क्षणभर लागायला हवेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवेत. एखादा लागतच नसेल तर बल्ब गेलेला असेल, नाहीतर कुणीतरी मुद्दाम काढलेला असेल. जुनी गाडी विकत घेताना हे नक्की बघा.

गॅरेजमध्येही बोला. हल्ली मशीन लावून कोड काढतात. तो कोडसुद्धा तक्रार सांगतो, गुन्हेगार नव्हे. "हा भाग बदलण्याआधी काय काय तपासलंत?" एवढा एकच प्रश्न विचारा. मेकॅनिक काकांकडे बघून उत्तर देईल, देऊ दे. ऐकायचे आपण.

त्या रात्री लातूरला पोहोचलो तेव्हा ताट झाकून ठेवलेले होते. आम्ही दोघे तसेच झोपलो. सकाळी नवकारसी झाल्यावर चहा घेताना हे नणंदेला म्हणाले, "काल हिने थांबवलं म्हणून बरं झालं." चाळीस वर्षांच्या संसारात गाडीच्या बाबतीत एवढे ऐकायला मिळाले, म्हणून तुम्हालाही सांगावेसे वाटले.