मेंदूतला संगम

वढू बुद्रुकला छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला गेलं, की बहुतेक जण जवळच्या तुळापूरलाही जातात. तिथे भीमा आणि इंद्रायणी एकमेकींना भेटतात आणि पुढे एकच मोठी नदी वाहते. आता सांगा पाहू, असा संगम आपल्या शरीरात कुठे असेल?

हृदयाकडून रक्त घेऊन जाणाऱ्या वाहिन्या म्हणजे रोहिणी. त्यांचं काम कालव्यासारखं. कालव्यातून चाऱ्या, चारीतून पाट, असे फाटे फुटतच जातात. पण दोन रोहिणी मानेच्या मणक्यांमधल्या भोकांतून वर चढतात, कवटीत शिरतात आणि मेंदूच्या तळाशी चक्क एक होतात! हाच आपला संगम.

या संगमातून निघालेले फाटे आणि गळ्याच्या पुढच्या बाजूने आलेल्या दोन रोहिणींचे फाटे एकमेकांना जोडले जाऊन एक कडं तयार होतं. थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने १६६४ साली आपल्या ग्रंथात त्याचं नीट वर्णन केलं, म्हणून ते 'विलिसचं कडं'. कड्याचा फायदा असा, की एक वाट तुंबली तरी दुसरीकडून रक्त येऊ शकतं. आपला मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण ऑक्सिजन खातो वीस टक्के! त्याला काही मिनिटं रक्त मिळालं नाही तरी पेशी मरू लागतात.

खरी गंमत तर पुढेच आहे. पुस्तकातल्या चित्रासारखं पुरं कडं निम्म्याहून कमी माणसांत सापडतं! कुणाचा एखादा दुवा दोऱ्यासारखा बारीक, तर कुणाचा नाहीच. आईच्या पोटात असताना बाळाच्या डोक्यात काही तात्पुरत्या रोहिणी असतात. जन्माआधीच त्या नाहीशा होतात. पण हजारात एक ते सहा जणांत त्यांतली एखादी तशीच राहते. क्वचित कुणाला पुढच्या दोन रोहिणींऐवजी एकच असते. बहुतेकांना याचा पत्ताही लागत नाही. मात्र ती एकच रोहिणी बंद पडली, तर मेंदूच्या दोन्ही बाजूंना फटका बसतो आणि दोन्ही पाय लुळे पडू शकतात.

डॉक्टरांना हे वेगळेपण आधी माहीत असावं लागतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातलं उदाहरण घ्या. मानेचा पहिला आणि दुसरा मणका एकमेकांवरून सरकला, तर मज्जारज्जू दाबला जातो, हातापायांतली शक्ती जाते. तिथल्या डॉ. अतुल गोयल आणि डॉ. लाहेरी यांनी हे दोन मणके स्क्रू आणि पट्टीने घट्ट जोडण्याची पद्धत १९९४ साली जगापुढे मांडली. आज ती 'गोयल-हार्म्स पद्धत' म्हणून जगभर वापरतात. पण स्क्रू बसतो त्याच्या अगदी शेजारून आपल्या संगमाकडे निघालेली रोहिणी जाते! काहींच्या दुसऱ्या मणक्यात तिचं वळण नेहमीपेक्षा उंचावर असतं, अगदी स्क्रूच्या वाटेत. स्क्रू जरा चुकला, की जिवाशी गाठ. म्हणून आधी सीटी स्कॅन काढून त्या रुग्णाच्या रोहिणीची वाट पाहतात. पुस्तकातली वाट पाठ असून भागत नाही.

म्हणजे काय दोस्तांनो, बोटांच्या ठशांसारखा प्रत्येकाच्या डोक्यातला नकाशाही निराळा! निराळा म्हणजे बिघडलेला नव्हे. फक्त तो वाचता यायला हवा.

जाता जाता एक गोष्ट घरी सर्वांना सांगा. कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, एक हात उचलेना किंवा बोलणं अडखळू लागलं, तर ती मेंदूचं रक्त अडल्याची खूण असू शकते. थोड्या वेळाने बरं वाटेल म्हणून थांबू नका. लगेच १०८ नंबर फिरवा.