मूल घर सोडून गेलं, तर कायदा आधी तुम्हालाच प्रश्न विचारतो

स्पष्ट लिहितेय, राग आला तर येऊ दे. पालकांच्या ग्रुपवर दोन वाक्यं कायम फिरत असतात. एक, "सोळा झाली की इथली मुलं मोकळी, आपण काहीच करू शकत नाही." दुसरं, "अठराच्या आत घर सोडलं तर पोलीस कान धरून आणून सोडतात." इंग्लंडपुरतं बोलायचं तर दोन्ही चूक. मी वकील नाही, सीए आहे. पण नियम अर्धवट वाचला की काय होतं ते रोज बघते.

घरातून निघून जाणं हा मुलाचा गुन्हा नाही. तुमची जबाबदारी मात्र अठरापर्यंत संपत नाही. सोळाच्या आतल्या मुलाला कुणी योग्य कारणाशिवाय नेलं किंवा ठेवून घेतलं, तर १९८४च्या चाइल्ड ॲब्डक्शन ॲक्टखाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि "मैत्रिणीकडे राहतेय हो" म्हणून विषय झाकू नका. सोळाच्या आतलं मूल २८ दिवस किंवा जास्त दुसऱ्यांकडे राहणार असेल तर कौन्सिलला कळवावं लागतं. मुलं ज्यांना नुसतं तोंडभरून काका-काकू म्हणतात, ते कायद्याच्या हिशेबात नातेवाईक नाहीत!

सोळा-सतराचं गणित वेगळं. धोका नसेल तर पोलीस सहसा जबरदस्तीनं परत आणत नाहीत. बेघर झालेल्या मुलाची सोय कौन्सिलला करावी लागते, आणि १९८९च्या चिल्ड्रन ॲक्टप्रमाणे मूल तयार असेल तर तुमचा नकार चालत नाही. घरी गंभीर इजा होईल असं वाटलं, तर अठराच्या आतल्या कुठल्याही मुलाला पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय ७२ तासांपर्यंत संरक्षणात ठेवू शकतात.

तेव्हा "पोलिसांना बोलावते" ही धमकी द्यायच्या आधी विचार करा. ते आले तर विचारणार, मूल गेलं का? "इंडियाला नेऊन लग्न लावून देते" हे तर तोंडातून काढूच नका. फेब्रुवारी २०२३पासून अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, इथं राहणाऱ्या मुलाचं भारतात नेऊन लावलं तरी.

आणि खरा संताप येतो तो "लोक काय म्हणतील" म्हणून दोन दिवस गप्प बसणाऱ्यांचा. २४ तास थांबायचा नियम नाही. लगेच १०१, धोका वाटला तर ९९९. मिसिंग पीपलची हेल्पलाइन ११६ ००० फुकट आहे, मुलांसाठीही. ग्रुपवरची अब्रू नंतर सांभाळा. बाहेर थंडीत तुमचं लेकरू आहे, ग्रुप नाही.