फेकलेली झांज

सहवादकाच्या चुकांविषयी बोलणे निघाले, की जॅझच्या इतिहासातील एक प्रसंग हमखास सांगितला जातो. १९३६ साली कॅन्सस सिटीच्या रेनो क्लबमध्ये किशोरवयीन चार्ली पार्कर सॅक्सोफोन वाजवताना भरकटला, तेव्हा काउंट बेसींचे ड्रमवादक जो जोन्स यांनी झांज त्याच्या पायाशी फेकली. ‘व्हिपलॅश’ (२०१४) या चित्रपटातील शिक्षक तीच झांज डोक्याच्या रोखाने आली असे सांगून स्वतःच्या क्रौर्याचे समर्थन करतो. अपमानातून पार्कर घडला, हे त्याचे तात्पर्य आम्हांस मान्य नाही.

झांजेमुळे पार्करला आपण चुकलो एवढेच कळले. कोठे व का, हे नाही. ते उमगले १९३७च्या उन्हाळ्यात, ओझार्कच्या डोंगराळ प्रदेशात एका वाद्यवृंदाबरोबर काम करताना. तेथे सोबतच्या वादकांनी त्याला कॉर्डची घडण समजावून दिली. बेसींच्या ध्वनिमुद्रिकांवरील लेस्टर यंग यांचे एकलवादन त्याने सुरासुराने आत्मसात केले. त्या मुद्रिकांवर ड्रम वाजवणारे जो जोन्सच होते. जोन्स यांच्याकडून तो शिकला असेल, तर त्यांच्या वादनातून.

अपमानाने जिद्द पेटते, हे आम्ही नाकारत नाही. परंतु अशा हशानंतर ज्यांनी वाद्य कायमचे खाली ठेवले, त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही.

याउलट हर्बी हॅनकॉक यांची एक आठवण पाहावी. माइल्स डेव्हिस यांच्याबरोबर वाजवताना त्यांच्याकडून एक कॉर्ड चुकली; डेव्हिस क्षणभर थांबले आणि त्यांनी असे सूर लावले, की ती कॉर्ड योग्य ठरली. मंचावर सहवादकाला सांभाळून घ्यावे ते असे. मात्र मैफलीनंतर, एकांतात, नेमके बोललेही पाहिजे. ‘मस्त वाजवलेस’ हे त्या झांजेइतकेच निरुपयोगी. ‘दुसऱ्या आवर्तनात तुला बास ऐकू येत होता का?’ हा प्रश्न मात्र उद्याच्या रियाजाला धरून असतो.

हे लिहिताना आम्हांस आमचाच लाल पेन आठवतो. विद्यार्थ्याच्या निबंधाच्या समासात ‘विस्कळीत’ असा शेरा मारून आम्ही पान उलटतो. कोणते वाक्य कोठे तुटले, हे दाखवायला दोन मिनिटे लागतात. ती दिली नाहीत, तर आम्हीही झांजच फेकत असतो.