मुक्त म्हणजे फुकट नव्हे

‘आजचे युग संगणकाचे आहे’ हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत निबंधात लिहिले आहे. मीही लिहिले आणि त्याला गुणही मिळवले. परंतु ते लिहिले तेव्हा आमच्या घरात संगणक नव्हता. प्रथम वर्षाला इतिहासाचा प्रकल्प ‘टाइप करून आणा’ असे सांगण्यात आले, तेव्हा वीस पानांचा मजकूर मी मोबाइलवर अंगठ्याने लिहिला. युग संगणकाचे असेल, पण ते प्रत्येकाच्या घरी एकाच वेळी येत नाही.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील गवंडीकाम करतात, आई कर्वेनगरमधल्या चार घरी स्वयंपाक करते. कोणता संगणक घ्यावा, हे घरात विचारणार कोणाला? ‘तूच बघ बाई, तुला कळतं त्यातलं,’ असे म्हणून आईने भिशीचे पैसे हातात ठेवले. मला काय कळत होते, ते माझे मलाच ठाऊक! शेवटी एका दुकानातून साडेअकरा हजारांना जुना लॅपटॉप घेतला. दुकानदाराने वर पाचशे रुपये घेऊन त्यात विंडोज आणि ऑफिस ‘टाकून’ दिले. पावती मागितली तर तो हसला.

दीड महिन्याने यंत्र कुरकुर करू लागले. एका रात्री त्यात विषाणू शिरला आणि सत्राचे सारे टिपण गेले. दुसऱ्या दिवशी शेजारची ताई आली. ती अभियांत्रिकीला आहे. तिने पाहून सांगितले, ‘अगं, यातलं सगळं चोरीचं आहे.’ टिपण गेल्याचे दुःख होतेच, पण हे वाक्य अधिक लागले. माझ्या आईने कामाच्या घरातून कधी साखरेचा दाणा उचलला नाही. तिच्या कष्टाच्या पैशातून आलेल्या यंत्रात मात्र चोरीचा माल! आपल्यापैकी किती जणांच्या यंत्रात तो आहे, हे प्रत्येकाने मनाशी तपासावे. मी कोणाला दोष देत नाही. महागडा परवाना परवडत नाही आणि संगणकावाचून चालत नाही, अशा कात्रीत सापडलेला विद्यार्थी दुसरे काय करणार?

परंतु तिसरी वाट आहे, आणि ती आपल्याला कोणी दाखवत नाही, हे माझे म्हणणे आहे.

ताईने त्याच लॅपटॉपवर ‘लिनक्स मिंट’ बसवले. त्याला चार जीबी स्मृती पुरते. लिखाणासाठी त्यात ‘लिब्रेऑफिस’ आहे. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो, आणि युनिकोडमध्ये लिहिलेले दुसऱ्या यंत्रावर नेले तरी अक्षरांचा चिवडा होत नाही. परवान्याचा खर्च शून्य, आणि तोही उजळ माथ्याने.

‘फुकट ते पौष्टिक’ असे आपण थट्टेने म्हणतो. पण हे केवळ फुकट नाही, मुक्त आहे. फुकट ही देणाऱ्याची मर्जी असते. मुक्त हा घेणाऱ्याचा हक्क असतो. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. प्रणाली वापरावी, तिची आतली रचना अभ्यासावी, ती बदलावी आणि इतरांना वाटावी, असे चार हक्क वापरणाऱ्याला असले पाहिजेत, ही त्याची भूमिका. पुढे १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून जगासमोर ठेवला. तो तेव्हा एकवीस वर्षांचा होता, म्हणजे माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा! त्यानंतर जगभरच्या हजारो माणसांनी त्यात भर घातली. थेंबे थेंबे तळे साचले.

यंत्राच्या बाबतीतही सध्याचा काळ आपल्याला अनुकूल आहे. विंडोज १० ची नियमित मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि बऱ्याच जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यातली पुष्कळशी यंत्रे धडधाकट आहेत आणि लिनक्सवर सुखाने चालतात. म्हणून कमी पैशात नवे कमकुवत यंत्र घेण्यापेक्षा कचेरीतून निघालेले जुने पण दणकट यंत्र घ्यावे, असे माझे मत झाले आहे. मात्र डोळे उघडे ठेवून घ्यावे. बॅटरी किती टिकते, सगळ्या कळा चालतात का, आत एसएसडी आहे का, हे पाहावे. सर्वांत सोपी परीक्षा म्हणजे पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन दुकानात जावे. ते यंत्रात न बसवताही चालवून पाहता येते. आवाज, वायफाय, पडदा, सारे दहा मिनिटांत कळते. माझ्या वेळी मला हे कोणी सांगितले नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

यावर आक्षेप येतात. पहिला असा, की नोकरीच्या जाहिरातीत ‘एक्सेल’ मागतात, लिब्रेऑफिस नव्हे. याचे उत्तर मला आईच्या कामात सापडले. ती चार घरी जाते. एका घरी गॅस, एका घरी इंडक्शन, तिसऱ्या घरी वेगळाच कुकर. पोळी मात्र चारही घरी तितकीच मऊ होते. हाताला स्वयंपाक यावा लागतो, शेगडीचे नाव नव्हे. बेरीज, सरासरी, तक्ता यांची रीत एकदा समजली, की दुसऱ्या प्रणालीत हात बसायला आठवडा पुरतो.

दुसरा आक्षेप खरा आहे, तो मी नाकारत नाही. अडले तर विचारायचे कोणाला? मला ताई भेटली, प्रत्येकीला भेटेलच असे नाही. मी पहिला निबंध लिब्रेऑफिसच्या स्वरूपात नेला, तर छपाईच्या दुकानात तो उघडलाच नाही. वर्डच्या स्वरूपात नेला, तर ओळी सरकल्या. अखेर पीडीएफ करून नेण्याची युक्ती कळली, पण तोपर्यंत मुदत टळली होती. मुक्त प्रणाली एकट्यादुकट्याला महाग पडते. पैशाने नव्हे, एकटेपणाने. चौघे मिळून वापरू लागले, की ती स्वस्त होते.

म्हणून माझे मागणे केवळ विद्यार्थ्यांकडे नाही, महाविद्यालयाकडेही आहे. प्रयोगशाळेतल्या निदान एका रांगेतल्या संगणकांवर लिनक्स असावे. प्रकल्प पीडीएफ आणि ओडीएफ या खुल्या स्वरूपांत स्वीकारले जातील, असे सूचनाफलकावर लिहावे. महिन्यातून एका शनिवारी जाणत्या मुलामुलींनी नवख्यांना प्रणाली बसवून द्यावी. शिकवायला साहित्य नाही असेही नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्स व लिब्रेऑफिसवरचे छोटे पाठ मराठीत विनामूल्य मिळतात. केरळने तर सरकारी शाळांचे संगणकशिक्षणच मुक्त प्रणालीवर उभे केले. तेथील शाळेतल्या मुलांना जे जमते, ते पुण्यातल्या महाविद्यालयाला का जमू नये? विद्येचे माहेरघर म्हणवणाऱ्या शहराने याचे उत्तर द्यावे.

मी रोज ज्या रस्त्याने येते, तेथे १९०० साली हिंगण्याचा माळ होता. अण्णासाहेब कर्व्यांनी तेथे एक झोपडी बांधून विधवांचा आश्रम नेला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून ते पायी हिंगण्याला जात. पार्वतीबाई आठवले गावोगाव फिरून आश्रमासाठी वर्गणी जमवीत. ज्यांना शाळेचे दार बंद होते, त्यांच्यासाठी ते दार अनेकांच्या लहान लहान देणग्यांनी उघडले. आज त्या माळाचे कर्वेनगर झाले आहे आणि माझ्यासारखी मुलगी येथे बी. ए. करते आहे. दार उघडे आहे, परंतु आत गेल्यावर ज्ञानाच्या नव्या पेटीला पुन्हा किमतीचे कुलूप दिसते. त्याची किल्ली जगभरच्या माणसांनी मिळून घडवून ठेवली आहे. ती उचलायची की चोरीच्या किल्लीने काम भागवायचे, एवढेच आपल्याला ठरवायचे आहे.

— द्वितीय वर्ष, कला