नाकाची रोजकीर्द

मागच्या महिन्यात सिल्वासातल्या एका सभागृहात कारखानदारांपुढे एका गृहस्थांचं व्याख्यान झालं, मीही ऐकायला होतो. पुढे त्याचाच त्यांनी लेख केला आणि तो मला चार जणांनी फोनवर पाठवला, त्यातल्या तिघांनी खाली हात जोडल्याची खूण टाकून. गृहस्थांचं म्हणणं थोडक्यात असं: धंदा नाकाने करायचा असतो. ज्याला बाजाराचा वास येतो त्याला संगणकाचा पडदा कशाला? आकडे कालचं सांगतात, धंदा उद्याचा असतो. निर्णयाला मदत करणाऱ्या संगणक-प्रणाल्या म्हणजे बड्या कंपन्यांची चैन, छोट्याला परवडायची नाही. त्यात कचरा घातला की कचराच बाहेर येतो. आणि हुकमाचा एक्का: मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागणार हे कुठल्या संगणकाने सांगितलं होतं? इथे टाळ्या.

किरकोळ आक्षेप आधी आटपतो. परवडत नाही म्हणता, तर माझ्या माहितीतल्या प्रत्येक कारखान्यात टॅली आहे, एक्सेल आहे आणि ते उघडायला घाबरणारा मालक आहे. पहिल्या दोहोंचे पैसे भरून झालेले आहेत. कचऱ्याचं म्हणाल तर गोदामात साठा चुकीचा मोजला की तोच चुकीचा आकडा शेठच्या नाकातही जातो. आणि छोट्याला गरज नाही हे तर अगदी उलटं आहे. मोठ्याला एक चूक पचते, छोट्याला ती पचत नाही.

आता नाक.

मी इथल्या एका सुताच्या कारखान्यात बरीच वर्षं कॉस्टिंग बघत होतो. करसवलतींच्या ओढीने मसाट, पिपरिया, आमली, रखोलीकडे जे कारखाने आले, त्यांत टेक्श्चरायझिंगवाले पुष्कळ. पीओवाय, म्हणजे अर्धवट ताणलेलं पॉलिएस्टर सूत, विकत घ्यायचं, तापवून, पीळ देऊन, फुगवून त्याचं डीटीवाय, म्हणजे फुगीर सूत, करायचं आणि सुरत-भिवंडीच्या मागवाल्यांना विकायचं. किलोमागे सुटतात ते थोडेच पैसे. पीओवायचा दर मात्र कच्च्या तेलाच्या मागे फरफटतो, कारण पॉलिएस्टर ज्यापासून होतं ते पीटीए आणि एमईजी शेवटी तेलातूनच येतात. म्हणून किती दिवसांचा माल भरून ठेवायचा, हा एकच निर्णय वर्षाचा नफा देतो नाहीतर गिळतो.

2008 च्या जुलैत तेल पिंपाला 147 डॉलरवर गेलं. आमच्या शेठनी वास घेतला आणि म्हणाले, अजून चढणार. गोदाम भरलं, बाजूचं भाड्याने घेतलं, तेही भरलं. डिसेंबरात तेल 40 च्या खाली आलं. तो माल आम्ही महिनोन्‌महिने तोट्यात काढत बसलो. पीओवाय काही लोणचं नव्हे, की मुरत ठेवावं. जुना लॉट नव्यात मिसळला की कापडावर रंगाचा पट्टा उठतो आणि पार्टी सगळा माल परत धाडते.

चुकले म्हणून मी शेठना दोष देत नाही. त्या वर्षी भलेभले चुकले. पण तीन वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत तेच शेठ शेजारच्या कारखानदाराला सांगत होते, “आठ साली मला वास आला होता. मी वेळेवर हात आखडला.” ते खोटं बोलत नव्हते हो! त्यांना खरंच तसं आठवत होतं. जिलबी वाढणाऱ्यासमोर त्यांच्या डोळ्यांत जी चमक होती, ती खोटं बोलणाऱ्याची नसते. माझं भांडण आहे ते इथे. नाकाला रोजकीर्द नसते. बरोबर निघालेला अंदाज ते खतावणीत चढवतं, चुकलेला पुसून टाकतं, आणि वर्षाखेरीला ताळेबंद कायम नफ्याचा. अशा वहीवर कुठला सीए सही करेल?

गृहस्थांनी एक्सेलच्या चुकांची मोठी थट्टा केली. करू द्या, मीही त्यात आहे. एकदा एका सूत्रात मी वाहतुकीचा खर्च धरायचा विसरलो आणि दोन आठवडे आम्ही प्रत्येक किलोमागे खुशीत तोटा सोसला. माझी तर काय कथा, 2010 मध्ये रेनहार्ट आणि रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी देशोदेशीच्या कर्जाबद्दल जो गाजलेला निबंध लिहिला, त्याच्या तक्त्यातल्या एका सरासरीत पाच देश धरायचे राहून गेले होते. पण ते 2013 मध्ये उघडकीला कसं आलं? थॉमस हर्नडन नावाच्या एका विद्यार्थ्याने त्यांच्याकडून तो तक्ता मागवला आणि ओळ न् ओळ तपासली. तक्ता मागवता येतो. माझी चूकही एका शिकाऊ पोराने पकडली, आणि मी त्याला वडापाव दिला. आता तुमचं नाक मागवून तपासायचं कसं, तेवढं सांगा.

या नाकवाद्यांशी माझं जुनं वैर आहे. बँकांत संगणक यायचे होते तेव्हा एका थोर वक्त्यांनी आम्हाला सांगितलं होतं की यंत्राला माणसाची पत कळत नाही. पत माणसांनाच कळली, हे खरं. बुडीत कर्जांच्या याद्या पाहिल्या की किती चांगली कळली होती तेही दिसतं. आणि नोंदी पाहून ठरवणं हे परदेशी खूळ म्हणावं, तर रुमालांत बांधलेलं पेशवे दप्तर काय वास घेण्यासाठी जपलं होतं? इथून जवळच मधुबन धरण आहे. दमणगंगेला पूर आला की त्याचे दरवाजे पाण्याची पातळी बघून उघडतात. तिथे कुणी नाक वर करून उभा राहिला तर खालची गावं काय म्हणतील?

पॉल मील या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने अनुभवी तज्ज्ञांचे अंदाज आणि साध्या सूत्रांचे अंदाज शेजारी शेजारी ठेवून एक पुस्तक लिहिलं. त्यात सूत्र बहुतेक ठिकाणी तज्ज्ञाच्या बरोबरीला किंवा पुढेच होतं. साल 1954, म्हणजे ज्या वर्षी ऑगस्टमध्ये सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं तेच. इतका जुना हा निकाल, आणि आमचे व्याख्याते अजून टाळ्या घेताहेत. मीलने सूत्राची मर्यादाही सांगितली होती. अमुक प्राध्यापक दर मंगळवारी सिनेमाला जातात असं सूत्र सांगतं, पण तुम्हाला ठाऊक आहे की त्यांचा पाय कालच मोडलाय, तर सूत्र बाजूला ठेवा.

टाळेबंदी हा तसा मोडलेला पाय होता, कबूल. संगणकाला ती कळली नाही. पण तुमच्या नाकाला कळली होती का? माणसं गावाकडे निघाली, यंत्रं थांबली, तेव्हा प्रश्न एवढाच होता की पगार, विजेचं बिल आणि बँकेचा हप्ता किती दिवस निघेल. ज्याच्याकडे तक्ता होता त्याला तासाभरात उत्तर मिळालं, बाकीचे देवाला विचारत होते. नाकाची खोड अशी, की त्याला दर मंगळवारी पाय मोडलेलाच दिसतो.

मग माझं म्हणणं काय? फार मोठं नाही, हेही कबूल. 1971 मध्ये गोरी आणि स्कॉट मॉर्टन या व्यवस्थापन-संशोधकांनी या प्रणाल्यांना ‘निर्णय साहाय्य प्रणाली’ असं नाव दिलं, त्यातच ‘साहाय्य’ हा शब्द आहे. पूर्ण नियमात बसणारी कामं यंत्राने करावीत. अर्धी बसतात आणि अर्धी लोंबकळतात, तिथे माणूस आणि तक्ता दोघं लागतात. ‘दर पाच रुपयांनी पडला तर?’, ‘सुरतेची पार्टी पंधरा दिवस थकली तर?’ असं विचारता आलं की पुरे. झगमगीत डॅशबोर्ड विकणाऱ्यांचीही मी वकिली करत नाही. व्यवस्थापकाला माहिती कमी पडत नाही, निरुपयोगी माहितीच फार होते, हे व्यवस्थापनशास्त्रज्ञ अ‍ॅकॉफने 1967 मध्येच लिहून ठेवलंय. सही माणसाचीच राहणार. 1961 मध्ये भारतातल्या विलीनीकरणाच्या करारासाठी बदलानी या अधिकाऱ्याला दादरा-नगर हवेलीचा एका दिवसाचा पंतप्रधान करावं लागलं, कारण सहीला माणूस हवाच होता. फक्त सही करण्याआधी आपला अंदाज तारखेसह एका रकान्यात लिहावा आणि तीन महिन्यांनी शेजारच्या रकान्यात काय घडलं ते भरावं.

व्याख्यानानंतर मी गृहस्थांना एवढंच सुचवलं. त्यांनी हसून विचारलं, “तुम्ही लिहिता का असं? किती बरोबर निघाले?”

“अर्ध्याहून कमी,” मी म्हणालो.

ते खळखळून हसले, भोवतालचे शेठही हसले. मी म्हटलं, “आणि तुमचे, साहेब?”

तेवढ्यात चहा आला.